थ्री नॉट थ्री स्नायपर रायफल कोणी घडवली? नं. ४ (टी) वरचे ठसे वाचण्याची रीत

जुन्या लष्करी रायफलीचा निर्माता कोण, हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरात एकच नाव अपेक्षित असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैन्यांनी वापरलेल्या ‘नं. ४ मार्क १ (टी)’ (मार्क म्हणजे आवृत्ती, टी म्हणजे टेलिस्कोप) या स्नायपर रायफलीच्या बाबतीत एका नावाने भागत नाही. मूळ रायफल एका कारखान्याने घडवली, तिला दुर्बीण बसवण्याजोगी दुसऱ्याने केली आणि दुर्बीण तिसऱ्याने तयार केली. युद्धानंतर तिची दुरुस्ती चौथ्याच ठिकाणी झालेली असण्याचा संभव मोठा. या प्रत्येकाने आपापला ठसा रायफलीवर उमटवला आहे आणि प्रत्येक ठसा फक्त आपल्यापुरते उत्तर देतो. आपल्या घरातल्या जुन्या पातेल्यावर टिकल्या-टिकल्यांनी कोरलेले नाव लग्नात ते भांडे देणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे नसते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. रायफलीवरचे ठसे वाचताना मात्र जाणकार म्हणवणारी माणसेही हा भेद विसरतात, आणि मग नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा शिक्का दिसला की ‘बर्मिंगहॅमला बनलेली’ असे लिहून मोकळी होतात.

म्हणून पुढची सगळी रीत एकाच क्रमाने चालते: आधी ही रायफल खरोखर नं. ४ आहे का, मग तिची बॉडी (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य लोखंडी भाग) कोणाची, मग तिला स्नायपर कोणी केले, मग दुर्बीण कोणाची, आणि शेवटी हे सगळे भाग एकमेकांचेच आहेत का. हा क्रम मोडला की चुका होतात, असा माझा अनुभव आहे.

आधी रायफलीची जात ओळखावी

महाराष्ट्रात ‘थ्री नॉट थ्री’ म्हटले की पोलिसांच्या खांद्यावरची रायफल डोळ्यांसमोर येते. ती बहुतेक वेळा ‘नं. १ मार्क ३*’ या जुन्या जातीची असते, जी पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत मोठ्या प्रमाणावर बनली. तिचे तोंड बोथट दिसते, कारण लाकूड आणि त्यावरची लोखंडी टोपी जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत येते. शिवाय तिचे मागचे लक्ष्यदर्शक नळीवर, बोल्टच्या (गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) पुढे असते. नं. ४ मध्ये नळीचे टोक लाकडाबाहेर स्पष्ट डोकावते आणि मागचे लक्ष्यदर्शक बॉडीच्या पार मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याजवळ असते. एवढे दोन फरक काचेच्या कपाटाबाहेरूनही दिसतात. इशापूरने नं. ४ जातीची रायफल मुळापासून बनवली नाही, त्यामुळे ‘इशापूरची नं. ४ स्नायपर’ असे कोणी सांगितले, तर ती दुरुस्त झालेली असेल किंवा सांगणाऱ्याचा घोटाळा झाला असेल. इशापूरची २ए ही ७.६२ मिमीची रायफलही नं. १ च्याच घडणीची आहे, नं. ४ ची नव्हे.

नं. ४ ठरली की ती ‘टी’ आहे का ते पाहावे. बॉडीच्या डाव्या भिंतीवर, पुढे आणि मागे, दुर्बिणीचा ब्रॅकेट (तिला धरणारा आधार) अडकवण्यासाठी दोन पोलादी बैठका बसवलेल्या असतात. त्या स्क्रूंनी घट्ट केलेल्या आणि शिवाय डाग देऊन जोडलेल्या असतात. दस्त्यावर गाल टेकवण्यासाठी लाकडाची उंच पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. मागच्या लक्ष्यदर्शकातली जवळच्या अंतरासाठीची मोठी भोकाची पट्टी कापून टाकलेली असते, कारण ती दुर्बिणीच्या आड येई. गालपट्टी कोणीही बसवू शकतो आणि लक्ष्यदर्शकही बदलता येते. खऱ्या अर्थाने बोलतात त्या बैठका.

हात लावण्यापूर्वी

रायफल कोणाचीही असो, पहिले काम म्हणजे मॅगझिन काढणे, बोल्ट मागे ओढणे आणि नळीचा मागचा कक्ष डोळ्यांनी आणि करंगळीने रिकामा आहे याची खात्री करणे. ‘ही तर शोभेची आहे’ या आश्वासनावर विसंबू नये. भारतात .३०३ हे बोअर (नळीचा आतला व्यास) प्रतिबंधित वर्गात मोडते आणि ते बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या चौकटीत येते. म्हणून भारतातल्या बहुतेक वाचकांचा या रायफलीशी संबंध संग्रहालयात, सैनिकी संस्थेच्या दालनात किंवा छायाचित्रांतूनच येईल. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी आपापल्या ठिकाणचा परवान्याचा कायदा आधी पाहावा. छायाचित्रांवरून काम करायचे असेल, तर समोरच्याकडे डाव्या बाजूची छायाचित्रे मागावीत. विक्रेते उजवी बाजू दाखवतात, कारण बोल्टचा दांडा तिकडे असल्याने रायफल त्या बाजूने रुबाबदार दिसते, परंतु वाचण्याजोगे जवळजवळ सगळे डावीकडे असते.

साधने साधी आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक छोटी विजेरी, मऊ सुती कापड, थोडे खनिज तेल आणि वही. विजेरी समोरून न धरता पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे बुजलेल्या ठशाच्या कडांची सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. युद्धानंतर ब्रिटिश दुरुस्तीशाळांनी अनेक रायफलींना काळा रंग चढवला, आणि त्या रंगाखाली ठसे अर्धे बुडालेले असतात. तेथे रंग काढण्याच्या द्रावणाचा किंवा पॉलिश पेपरचा मोह आवरावा. तिरप्या उजेडात न दिसलेले अक्षर खडूची भुकटी बोटाने चोळून, जास्तीची पुसून घेतली तर बहुतेक वेळा दिसते, आणि भुकटी तेलाच्या कापडाने निघूनही जाते. स्क्रू काढू नयेत. पुढचे लाकूड तर मुळीच उतरवू नये, कारण स्नायपर रायफलीत ते नळीभोवती विशिष्ट ताणाने बसवलेले असते आणि एकदा हलले की तो मेळ परत साधणे कठीण जाते.

डावी भिंत आणि बट सॉकेट

लाकडी दस्ता ज्या लोखंडी कड्यात शिरतो, त्याला बट सॉकेट म्हणतात. ब्रिटिश कारखान्यांच्या रायफलींवर या सॉकेटच्या डाव्या बाजूस कारखान्याचा संकेत, वर्ष आणि अनुक्रमांक असतो, तर बॉडीच्या डाव्या भिंतीवर ‘नं. ४ मार्क १’ हे नाव असते. ही दोन ठिकाणे आधी वाचावीत आणि जसे दिसेल तसे, मोठी-छोटी अक्षरे आणि मधली जागा जपून, वहीत उतरवावे. अर्थ नंतर लावावा.

‘एम४७सी’ हा संकेत सर्वाधिक भेटतो. युद्धकाळात शत्रूला कारखान्याचा ठावठिकाणा कळू नये म्हणून ब्रिटनने नावांऐवजी संकेत वापरले, आणि त्यातले पहिले अक्षर प्रदेश सांगते: एम म्हणजे मध्य इंग्लंड, एन म्हणजे उत्तर, एस म्हणजे दक्षिण. ‘४७’ हा बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स म्हणजे बीएसए कंपनीचा क्रमांक, आणि शेवटचे ‘सी’ हे त्या कंपनीच्या शर्ली येथील कारखान्याचे. त्याच कंपनीच्या स्मॉल हीथच्या कारखान्याला ए आणि रेडिचला बी हे अक्षर होते, त्यामुळे शेवटचे अक्षर न वाचता ‘एम४७’ एवढेच टिपणे अपुरे ठरते. स्नायपरसाठी निवडलेल्या रायफलींचा बहुसंख्य हिस्सा शर्लीचाच आहे. सुट्या भागांवर बीएसएचे नुसते ‘बी’ही दिसते.

‘एम’ किंवा ‘आरएम’ असा ठसा मॉल्टबी येथील सरकारी रॉयल ऑर्डनन्स फॅक्टरीचा. येथे ‘एम’ हे प्रदेशाचे अक्षर नसून गावाचे आहे, आणि हा गोंधळ नवख्यांचा हमखास होतो. ‘एफ’ किंवा ‘एफवाय’ म्हणजे लिव्हरपूलजवळील फॅझाकर्ली. फॅझाकर्लीची मूळ बॉडी असलेली (टी) समोर आली, तर आनंद मानण्याआधी संशय घ्यावा, कारण स्नायपर करण्यासाठी तिथल्या रायफली निवडल्या जात नसत म्हटले तरी चालेल. दुरुस्तीच्या ठशात फॅझाकर्लीचे नाव येणे मात्र अगदी सामान्य आहे, आणि त्याकडे पुढे येऊ.

अटलांटिकपलीकडचे दोन कारखाने ओळखायला सोपे आहेत. डाव्या भिंतीवर ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असा ठसा, अनुक्रमांकात मधोमध ‘सी’ आणि सुट्या भागांवर चौकोनी वळणाचे ‘एस’ असेल, तर ती सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी फॉल्स येथे बनवलेली रायफल. ‘सी’ हे चिकोपीचेच अक्षर. ‘यू. एस. प्रॉपर्टी’ वाचून ती अमेरिकन सैन्याने वापरली असा समज होतो, पण मार्च १९४१ च्या लेंड-लीज कायद्याखाली मित्रराष्ट्रांना दिलेला माल कागदोपत्री अमेरिकेच्या मालकीचा राहत असे, एवढाच त्याचा अर्थ. पातेल्यावरच्या नावाचा प्रकार तो हाच. कॅनडातल्या टोरंटोजवळील लाँग ब्रांच कारखान्याने तर आपले नाव वर्षासह डाव्या भिंतीवर चक्क पूर्ण लिहिले आहे, आणि अनुक्रमांकात ‘एल’ अक्षर येते. सुट्या भागांवर ‘एलबी’ आणि सरकारी मालकीसाठी ‘सी’ या अक्षराच्या आत बाण असतो.

एक उपयुक्त पडताळा येथेच करून घ्यावा. ‘मार्क १*’ ही तारांकित जात फक्त सॅव्हेज आणि लाँग ब्रांचने बनवली. मूळ मार्क १ मध्ये बोल्ट काढण्यासाठी बॉडीच्या उजव्या बाजूस मागे दाबायची खिट्टी असते. मार्क १* मध्ये ती नसून बोल्टचे डोके ज्या खाचेतून सरकते तिथेच एक कापलेली फट असते. त्यामुळे ठसा एम४७सीचा आणि रचना मार्क १* ची असेल, तर कोणीतरी काहीतरी बदलले आहे हे बाकीचे ठसे न वाचताच कळते. अक्षरे पुसता येतात, नवी ठोकता येतात. यंत्राने कापलेली खाच तशी बदलत नाही, म्हणून मी घडणीचा पुरावा ठशाच्या वर ठेवतो.

स्नायपर कोणी केली

इथे विषय खऱ्या अर्थाने रंगतो. कारखान्यात बनलेल्या शेकडो रायफलींतून ज्यांच्या गोळ्या चाचणीत एकत्र पडत, त्या बाजूला काढल्या जात. बीएसएच्या अशा रायफलींच्या बट सॉकेटवर डावीकडे ‘टीआर’ असा छोटा ठसा बहुधा आढळतो, आणि ती दुर्बिणीसाठी निवडलेली रायफल असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे ‘टीआर’ हा निवडीचा शेरा आहे, रूपांतराचा नव्हे. रूपांतर पूर्ण होऊन रायफल पारखली गेली की डाव्या भिंतीवरच्या नावापुढे ‘टी’ ठोकला जाई. हे दोन ठसे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या हातांनी उमटलेले असल्यामुळे त्यांचा आकार, खोली आणि झीज एकसारखी नसावी हेच स्वाभाविक आहे.

निवडलेल्या रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीकडे जात. शिकारीच्या महागड्या बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने १९४२ च्या उत्तरार्धापासून युद्धाअखेरपर्यंत सुमारे २३ हजार रायफलींचे रूपांतर केले. तिचा संकेत ‘एस५१’, म्हणजे दक्षिण प्रदेशातला ५१ वा क्रमांक. हा ठसा लोखंडावर शोधू नये. तो लाकडी दस्त्याच्या खालच्या बाजूस, चापाच्या कड्याच्या मागे जिथे मूठ बसते त्या निमुळत्या भागावर असतो. नेमका तोच भाग हाताच्या घामाने आणि तेलाने काळवंडतो, म्हणून तिरपा उजेड येथे हवाच.

‘एस५१’ सापडला नाही, तर निष्कर्ष घाईने काढू नये. दस्ता बदलला गेला की ठसा त्याच्याबरोबर गेला. शिवाय सगळ्या (टी) रायफली हॉलंडने केल्याच नाहीत. त्याआधी, १९४० आणि १९४१ च्या सुमारास, एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने सुमारे १,४०० रायफलींना दुर्बिणी बसवल्या, आणि त्यासाठी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला चाचणीकरिता बनवलेल्या रायफली वापरल्या. अशा रायफलीवर मुकुट, राजाची आद्याक्षरे, एनफिल्डचे नाव आणि १९३१ किंवा १९३३ सारखे वर्ष बट सॉकेटवर आढळते. युद्धाच्या आधीचे वर्ष पाहून ‘ही बनावट’ म्हणणाऱ्यांनी नेमक्या सर्वांत दुर्मीळ रायफली नाकारल्याचे प्रसंग घडतात. लाँग ब्रांचनेही स्वतःच्या रायफलींचे रूपांतर स्वतःच केले, दीड हजारांच्या आसपास. त्यांवर ‘एस५१’ नसणे हीच अपेक्षित गोष्ट आहे.

हाच न्याय पहिल्या महायुद्धाच्या पॅटर्न १४ स्नायपर रायफलीलाही लागतो. तिच्यावरचे ‘डब्ल्यू’ हे विंचेस्टर कंपनीचे अक्षर मूळ रायफल सांगते. १९१८ ची दुर्बीण मात्र बहुधा लंडनच्या पेरिस्कोपिक प्रिझम कंपनीची असते. युद्ध बदलले तरी कामाची विभागणी तशीच राहिली होती.

दुर्बीण आणि ब्रॅकेट

नं. ४ (टी) ची दुर्बीण ‘नं. ३२’ या नावाने ओळखली जाते. ती मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती, आणि तिचा जाडजूड, दणकट घाट पाहिला की हे पटते. सुमारे तिप्पट मोठे दाखवणाऱ्या या दुर्बिणीच्या वरचा ड्रम अंतरासाठी आणि बाजूचा ड्रम वाऱ्याच्या दुरुस्तीसाठी असतो. तिच्या नळीवर कोरलेल्या मजकुरात चार गोष्टी असतात: दुर्बिणीचे नाव आणि मार्क, ‘ओएस’ने सुरू होणारा क्रमांक, निर्मात्याचे संक्षिप्त नाव वर्षासह, आणि दुर्बिणीचा स्वतःचा अनुक्रमांक.

चूक ‘ओएस’ क्रमांकापाशी होते. तो भांडारातला वस्तुक्रमांक आहे, म्हणजे एका मार्कच्या सगळ्या दुर्बिणींवर तोच असतो: मार्क १ वर ओएस ४६६ ए, मार्क २ वर ओएस १६५० ए, मार्क ३ वर ओएस २०३९ ए. तो अनुक्रमांक समजून रायफलीशी जुळवायला गेलेला माणूस दिवसभर डोके खाजवत बसतो. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. मार्कचा आकडा कोणी खोडून बदललेला वाटला, तर ओएस क्रमांकावरून मूळ मार्क कळतो.

निर्मात्यांत ‘ए. के. अँड एस.’ म्हणजे लीड्सची ए. कर्शॉ अँड सन्स, ‘डब्ल्यू. डब्ल्यू. अँड एस.’ म्हणजे वॉटसन अँड सन्स, ‘एच. बी. एम.’ म्हणजे कॅमेऱ्यांसाठी ओळखली जाणारी हॉटन-बुचर, आणि ‘आर. ई. एल.’ म्हणजे टोरंटोच्या लीसाइड भागातली रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड, ही नावे वारंवार भेटतात. कॅनडाची दुर्बीण ब्रिटिश रायफलीवर दिसणे अशक्य नाही, परंतु ते दिसल्यावर क्रमांकांची तपासणी अधिक कसून करावी. दुर्बिणीचे वर्ष रायफलीच्या वर्षाहून एखाद-दोन वर्षांनी पुढेमागे असणे मात्र नेहमीचे आहे. दुर्बिणी वेगळ्या साठ्यातून येत. ब्रॅकेट ओतीव लोखंडाचा असतो आणि त्यावर ओतणाऱ्या कारखान्याची स्वतःची अक्षरे असतात. ती ब्रॅकेटबद्दल बोलतात, रायफलीबद्दल नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढे जावे.

क्रमांकांचा मेळ

प्रत्येक भागाचा निर्माता कळला तरी ते भाग एकमेकांचे आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी क्रमांकांची साखळी तपासावी लागते. रायफलीचा अनुक्रमांक बट सॉकेटवर असतो. तोच बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूस, पुढच्या लाकडाच्या टोकाखाली आणि दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर असायला हवा. दुर्बिणीचा अनुक्रमांक दस्त्याच्या निमुळत्या भागावर, वरच्या बाजूस, लाकडात ठोकलेला असतो. अशा रीतीने ब्रॅकेट रायफलीचे नाव घेतो आणि दस्ता दुर्बिणीचे, आणि दोन्ही टोके जुळली की संच मूळचा मानता येतो. ब्रॅकेटच्या कड्यांच्या वरच्या टोप्याही खालच्या भागाशी क्रमांकांनी जोडलेल्या असतात. त्या अदलाबदल झाल्या तर दुर्बीण नीट बसत नाही, म्हणून हा क्रमांक केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही.

दस्त्यावर दुर्बिणीचा एक क्रमांक खोडून शेजारी दुसरा ठोकलेला दिसला, तर निराश होऊ नये. सैन्यात दुर्बीण खराब झाली की बदलली जाई आणि शस्त्रकारागीर जुन्या आकड्यावर रेघ मारून नवा लिहीत. असा खोडलेला आकडा रायफलीने खरोखर नोकरी केल्याचा पुरावा आहे, आणि मला तो कोऱ्या-करकरीत जुळणीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर गोष्ट निराळी: अशी रायफल चालवण्याच्या स्थितीत असली तरी सुरक्षेच्या दृष्टीने जाणकार शस्त्रकारागिराने मोजमाप केल्याशिवाय तिला गोळी दाखवू नये. नं. १५ ची लाकडी वाहतूक पेटी आणि दुर्बिणीचा पत्र्याचा डबा सोबत असतील तर त्यांवरचे क्रमांकही टिपावेत, परंतु पेट्या डेपोमध्ये सहज बदलल्या जात, म्हणून त्यांचे वजन साक्षीदारांमध्ये सर्वांत हलके.

निर्मात्याचे सोंग घेणारे ठसे

युद्धानंतरच्या ठशांनी सर्वाधिक फसगत होते. ‘एफटीआर’ म्हणजे कारखान्यात झालेली संपूर्ण दुरुस्ती. तिच्या पुढे ‘एफ’ आणि वर्ष असेल तर ती दुरुस्ती फॅझाकर्लीत झाली, एवढेच. मूळ निर्माता तरीही बट सॉकेटवरचाच. डाव्या भिंतीवर जुने नाव खोडून ‘एल४२ए१’ लिहिलेले असेल, तर ती १९७० च्या सुमारास एनफिल्डने ७.६२ मिमीमध्ये बदललेली जुनी (टी) होय: जाड नळी, अर्ध्यावर संपलेले पुढचे लाकूड आणि मीटरमध्ये आखलेली दुर्बीण अशी तिची खूण. अशा रायफलीवर एम४७सी, एस५१ आणि एनफिल्ड असे तीन हात एकावर एक सापडतात, आणि तिन्ही खरे असतात.

मुकुटाखाली ‘बीएनपी’ अक्षरे आणि टनांत लिहिलेला दाब हा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा शिक्का; रायफल नागरी बाजारात विकण्यापूर्वी तो मारला जातो. एकटा रुंद बाण सरकारी मालकी सांगतो, आणि टोकाला टोक भिडवलेले दोन बाण सरकारने ती विकून टाकल्याचे सांगतात. निष्क्रिय केलेल्या रायफलीवर त्यासाठीचा वेगळा शिक्का असतो. ‘आरएफआय’ (रायफल फॅक्टरी, इशापूर) दिसले, किंवा पुढच्या लाकडातून आरपार गेलेला एक जादा मजबुतीचा स्क्रू दिसला, तर रायफल इशापूरच्या हातून गेली आहे. भारतीय वाचकाला हा ठसा आपलासा वाटणे साहजिक आहे, पण वहीत त्याची नोंद ‘दुरुस्ती’च्या रकान्यात करावी.

बनावट कशी हेरावी

साध्या नं. ४ वर नव्या बैठका, गालपट्टी आणि नव्याने बनवलेली दुर्बीण बसवून ती (टी) म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे, कारण किमतीतला फरक मोठा आहे. प्रतिकृती म्हणून सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. प्रश्न न सांगता विकण्याचा आहे. बैठकांच्या कडेला बॉडीचा काळा मुलामा अखंड आहे का, की तिथे धातू नव्याने उघडा पडून पुन्हा रंगवला आहे, ते भिंगाने पाहावे. खऱ्या रायफलीत बैठक आणि भिंत यांच्या सांध्यात डागाची बारीक रेघ आणि दशकांचा वाळलेला तेलकट मळ असतो, आणि स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या कडा ठोकून बसवलेल्या असतात. ‘टी’ ठशाच्या कडा चमकत असतील आणि शेजारचे ‘मार्क १’ झिजलेले असेल, तर तो ‘टी’ काल ठोकलेला आहे. लाकडावरच्या ‘एस५१’ भोवतीचे तंतू दबून गुळगुळीत झालेले असावेत. फाटलेले, फिकट तंतू ताजा ठसा सांगतात. आणि बॉडी १९४० च्या दशकाच्या शेवटची, किंवा जात ‘मार्क २’ असेल, तर पुढे काही तपासण्याची गरजच नाही, कारण तोवर (टी) चे मूळ उत्पादन संपले होते.

एकाच दोषावरून रायफल बनावट ठरवू नये, आणि एकाच चांगल्या ठशावरून खरीही ठरवू नये. ‘टीआर’ नाही पण बैठका जुन्या आणि ब्रॅकेट जुळणारा, ही स्थिती मला ‘टीआर’ झळझळीत आणि बैठका नव्या या स्थितीपेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

नोंद कशी लिहावी

संग्रहालयाच्या पाटीवर किंवा स्वतःच्या वहीत ‘निर्माता: बीएसए’ असे एका ओळीत लिहिणे टाळावे. समजा, समोरच्या रायफलीच्या डाव्या भिंतीवर ‘नं. ४ मार्क १’ आणि ‘टी’ आहे, सॉकेटवर ‘टीआर’, ‘एम४७सी’ आणि १९४४, दस्त्याखाली ‘एस५१’, दुर्बिणीवर मार्क २ आणि ‘ए. के. अँड एस.’, ब्रॅकेटवर रायफलीचाच क्रमांक, पण दस्त्यावर दुर्बिणीचा क्रमांक खोडून बदललेला. नोंद अशी होईल: ‘रायफल: बीएसए, शर्ली, १९४४. स्नायपर रूपांतर: हॉलंड अँड हॉलंड, लंडन. दुर्बीण: नं. ३२ मार्क २, कर्शॉ, लीड्स. मूळ दुर्बीण नव्हे, सेवाकाळात बदललेली. ब्रॅकेट: मूळचा. नंतरच्या दुरुस्तीचा ठसा नाही.’ ज्या रकान्याला ठसा सापडला नाही तिथे ‘ठसा आढळला नाही’ असेच लिहावे. ‘बहुधा हॉलंड’ असे लिहिले, की पुढचा माणूस ‘बहुधा’ गाळून उतरवून घेतो. नोंदीसोबत डावी भिंत, सॉकेट, दस्त्याची खालची आणि वरची बाजू, बोल्टचा दांडा, पुढच्या लाकडाचे टोक आणि ब्रॅकेट यांची तिरप्या उजेडातली छायाचित्रे, प्रत्येकात मोजपट्टी ठेवून, जोडावीत.